साडेपाचच्या आधीचं दूध

मी ज्या कंपनीत काम करते ती दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवते. कंपनी म्हणजे पुण्यात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर बसणारी बारा माणसं आणि एक सतत बिघडणारा एसी. काम ऐकायला साधं वाटतं. गावातल्या संकलन केंद्रावर लोक सकाळ-संध्याकाळ किटल्या घेऊन येतात. दुधाचं माप होतं, फॅट आणि एसएनएफ बघितला जातो, मशीनमधून पावती फाडून हातात दिली जाते, आणि तीच नोंद इंटरनेटवरून आमच्या सर्व्हरवर येते. दर दहा दिवसांनी या नोंदींवरून बिल निघतं आणि पैसे सभासदाच्या खात्यात जातात. ज्या घरात दोन म्हशी आहेत त्या घरात किराणा, शाळेची फी, पेंडीची उधारी, सगळं या दहा दिवसांच्या हिशोबावर चालतं.

गेल्या उन्हाळ्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका संस्थेच्या सचिवांचा फोन आला. त्यांच्या एका सभासद मावशींच्या बिलात एका सकाळचं दूध नव्हतं. पावती होती, बिलात मात्र त्या तारखेपुढे शून्य. हे दुसऱ्यांदा झालं होतं. मागच्या बिलात आणखी दोघांचं असंच गेलं होतं, तेव्हा पावती हरवली म्हणून ते गप्प बसले. गावात आता कुजबुज सुरू झाली होती की केंद्रावर बसणारा मुलगा दुसऱ्याच्या नावावर दूध चढवतो. सचिव फोनवर स्वच्छ बोलले, "मॅडम, तुमचं सॉफ्टवेअर दूध खातंय का आमचं पोरगं, तेवढं फक्त सांगा. मंडळाची बैठक आहे सोमवारी. त्याला काढायचं म्हणताहेत."

तो मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा. त्याच्याशी माझं एकदाच बोलणं झालं, मशीनबद्दल चार गोष्टी विचारायला. सगळी उत्तरं त्याने नीट दिली आणि शेवटी विचारलं, "मॅडम, पण तुमच्याकडं सगळं लिहिलेलं असतंय ना आतमध्ये?"

असतं. म्हणजे असायला हवं.

सर्व्हरवर चालणारा प्रोग्रॅम आपल्याला दिसत नाही. मोबाइलवरचं अॅप अडकलं तर निदान स्क्रीन अडकलेली दिसते. सर्व्हरवरचं काम कुठल्यातरी डेटा सेंटरमधल्या मशीनवर, बंद दाराआड, एकाच वेळी शेकडो लोकांसाठी चाललेलं असतं. नोंद येते, तपासली जाते, डेटाबेसमध्ये जाते, उत्तर परत जातं, आणि हे सगळं सेकंदाच्या एका तुकड्यात होतं. नंतर त्याचा मागमूस उरतो तो फक्त लॉगमध्ये. प्रोग्रॅमने जाता जाता एका फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या ओळी, दुसरं काही नाही.

लॉग हा शब्द खरोखरच लाकडाच्या ओंडक्यावरून आला आहे. जहाजाचा वेग मोजायला खलाशी लाकडाचा तुकडा दोरीला बांधून पाण्यात सोडायचे आणि ठरावीक वेळात दोरीच्या किती गाठी हातातून गेल्या ते मोजायचे. जहाजाचा वेग अजूनही नॉटमध्ये, म्हणजे गाठींमध्ये, सांगतात तो यामुळेच. हे आकडे ज्या वहीत लिहिले जायचे ती लॉगबुक.

मला मात्र लॉग म्हटलं की वेबिल आठवतं. माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. तिकिटांची ती पत्र्याची पेटी, चिमट्याची टकटक आणि वेबिल. प्रत्येक टप्पा आला की ते गाडी हलायच्या आधी कुठल्या किमतीच्या तिकिटाचा कितवा नंबर चालू आहे ते वेबिलवर लिहायचे. मधल्या रस्त्यात तपासणीस चढला की आधी वेबिल मागायचा. मागच्या टप्प्यावर हा नंबर, आता हा नंबर, म्हणजे मध्ये इतकी तिकिटं फाटली. आता गाडीतली माणसं मोजू. लहानपणी मला वाटायचं की हा कागद बाबांना पकडायला बनवलाय. बाबा म्हणायचे, "अगं उलट. वेबिल चोख असलं की माझ्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही." आणि एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली होती: नुसतं 'गाडी सुटली' लिहून भागत नाही, आकडा लिहावा लागतो.

तर मी त्या सकाळचे लॉग उघडले. मावशींचा सभासद क्रमांक २१७. तारीख १४. पावतीवर वेळ पहाटे ५:२१, दूध ६.८ लिटर. लॉगमध्ये ५:२१ ला त्या केंद्राकडून विनंती आलेली दिसत होती, उत्तर २०० गेलं होतं, आणि खाली आमच्याच प्रोग्रॅमने लिहिलेली ओळ होती: 'संकलन नोंद यशस्वी.'

त्या सकाळी अशा साठेक ओळी होत्या. सगळ्या यशस्वी. आदल्या दिवशीच्याही यशस्वी. मी जितकं मागे गेले तितकं यश होतं. गाडी सुटली, गाडी सुटली, गाडी सुटली. आकडा कुठेच नाही.

इथे थोडं तांत्रिक सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आमचं अॅप्लिकेशन पायथनमध्ये, जँगो वापरून लिहिलेलं आहे. पायथनमध्ये लॉगिंगची सोय २००३ सालापासून भाषेबरोबरच येते. प्रत्येक ओळीला एक पातळी असते आणि प्रत्येक पातळीला आकडा: डीबग १०, इन्फो २०, वॉर्निंग ३०, एरर ४०, क्रिटिकल ५०. तुम्ही सांगायचं की अमुक पातळीच्या खालचं लिहू नकोस. खऱ्या सर्व्हरवर बहुतेक ठिकाणी इन्फो किंवा वॉर्निंग ठेवलेलं असतं, म्हणजे डीबगच्या ओळी कोडमध्ये असल्या तरी मुक्या राहतात. त्यामागे कारणं आहेत. डीबग म्हणजे प्रोग्रॅमची अखंड बडबड. ती सुरू ठेवली तर फाइल फुगते, डिस्क भरते, आणि डिस्क भरली की लॉगच काय, सगळंच बंद पडतं.

आमच्याकडे नवीन आलेल्या मुलाने लगेच सुचवलं, "डीबग ट्रू करून बघूया ना." आमची लीड खुर्चीतून जवळजवळ उठलीच. जँगोच्या सेटिंगमध्ये डीबग नावाचा एक खटका आहे आणि लॉगिंगमध्ये डीबग नावाची एक पातळी आहे. नाव एक, गोष्टी दोन. सेटिंगमधला खटका हा लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपसाठी आहे. तो खऱ्या सर्व्हरवर चालू केला आणि कुठे एरर आला, तर समोरच्या कुणालाही आमच्या कोडच्या ओळी, त्या क्षणी व्हेरिएबलमध्ये असलेली माहिती आणि निम्म्याअधिक सेटिंग्ज पानभर वाचायला मिळतात. शिवाय तो चालू असताना जँगो डेटाबेसला विचारलेली प्रत्येक क्वेरी मेमरीत साठवायला लागतो. असं करू नका. तुम्ही हे क्षेत्र निवडलं असेल तर माझ्याकडून एवढं एक घेऊन जा.

आम्हाला हवी होती ती दुसरी गोष्ट: फक्त संकलनाच्या भागापुरती, फक्त या एका संस्थेपुरती डीबग पातळी. लॉगिंगच्या रचनेत हे सहज बसतं. प्रत्येक भागाचा वेगळा लॉगर ठेवता येतो आणि बाकी घर झोपलेलं असताना एकाच खोलीतला दिवा लावता येतो. पण दिवा लावून बघायला खोलीत काही असावं लागतं. आमच्या संकलनाच्या कोडमध्ये डीबगची एकही ओळ नव्हती. ती मला लिहायची होती.

लॉगची ओळ लिहिणं हे लिखाणच आहे, असं माझं मत आहे, आणि त्यात आळस फार चालतो. 'इथे आलो', 'इथे पण आलो', 'आत गेलो' अशा ओळी मी ढिगाने पाहिल्या आहेत. त्या वाचून कोडची वाट कळते, पण वाटेत हातात काय होतं ते कळत नाही. मी आधी कागदावर प्रश्न लिहिले. कुठला सभासद? पावती कितीची? आपण ती कुठल्या तारखेखाली ठेवली? नवी नोंद झाली की जुनी बदलली? जुनी बदलली असेल तर जुनीत काय होतं?

शेवटच्या दोन प्रश्नांमागे कारण होतं. खेड्यातलं नेटवर्क लहरी. मशीन नोंद पाठवतं, उत्तर येईपर्यंत रेंज जाते, मशीनला वाटतं पोचली नाही, ते पुन्हा पाठवतं. एकच दूध दोनदा चढू नये म्हणून कोणीतरी पूर्वी शहाणपणाने अशी व्यवस्था केली होती: त्याच सभासदाची, त्याच तारखेची, त्याच शिफ्टची नोंद आधीच असेल तर नवी न करता तीच अद्ययावत करायची. जँगोत यासाठी तयार फंक्शन आहे. ते दोन गोष्टी परत देतं, एक म्हणजे नोंद आणि दुसरी म्हणजे ती नवी आहे की नाही याचं हो किंवा नाही. आमच्या कोडने पहिली गोष्ट घेतली होती आणि दुसरी टाकून दिली होती. सगळी हकीकत त्या टाकून दिलेल्या हो-नाहीमध्ये होती, आणि ते रोज पहाटे येऊन जात होतं.

आणखी एक काम. सर्व्हरवर आमचे चार वर्कर एकाच वेळी चालतात आणि चौघेही एकाच फाइलमध्ये लिहितात. म्हणजे एकाची पहिली ओळ, तिसऱ्याची दुसरी, पुन्हा पहिल्याची; बाजारात चार जण एकदम बोलत असावेत तसं. म्हणून प्रत्येक विनंतीला आत शिरतानाच एक छोटा क्रमांक चिकटवला आणि तिच्या प्रत्येक ओळीत तो यावा असं केलं. नंतर तो क्रमांक शोधला की एका किटलीचा पूर्ण प्रवास सलग दिसतो.

लीडने ओळी तपासल्या आणि एक शब्द काढायला लावला: सभासदाचं नाव. क्रमांक पुरे, नाव नको. बँक खातं आणि मोबाइल नंबर तर नकोच. ती याबाबत कडक आहे आणि ते बरोबरच आहे. २०१८ च्या मे महिन्यात ट्विटरने आपल्या सगळ्या वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायचा विचार करा असं कळवलं होतं, ते का आठवतं? पासवर्ड आतल्या लॉगमध्ये उघड्या अक्षरांत लिहिले जात होते म्हणून. लॉग वाचणारी माणसं डेटाबेस वाचणाऱ्यांपेक्षा नेहमी जास्त असतात.

गुरुवारी संध्याकाळचं संकलन संपल्यावर आम्ही हे सर्व्हरवर चढवलं. शुक्रवारी सकाळी सातला मी चहा घेऊन बसले आणि फाइलमधून 'बदलली' हा शब्द शोधला. आठ ओळी आल्या. पाचांमध्ये जुनं माप आणि नवं माप एकच होतं, म्हणजे मशीनने दोनदा पाठवलेल्या नोंदी. जी व्यवस्था ज्यासाठी केली होती ते काम ती करत होती. उरलेल्या तीन ओळींत मापं वेगळी होती. त्यातली एक अशी: सकाळ, सभासद ८४, जुनं माप ५.१, नवं माप ४.६, बदलली.

एकाच सकाळी एक माणूस आधी ५.१ आणि मग ४.६ लिटर घेऊन आला? मी केंद्रावरच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "नाही ओ. आज एकदाच आलेत, ४.६. कालचं ५.१ होतं."

कालचं.

मग मी ओळ पुन्हा, या वेळी डावीकडून वाचली. सुरुवातीला लॉगने स्वतः घातलेला शिक्का होता, १९ तारीख, पहाटे ५:१४. आणि ओळीच्या मध्यभागी आमच्या प्रोग्रॅमने नोंद जिथे ठेवली ती तारीख होती, १८. एकाच ओळीत दोन तारखा, मध्ये बोटभर अंतर. बाकीच्या दोन ओळी पाहिल्या. ५:०८. ५:२६. साडेपाचनंतरची एकही नाही.

साडेपाच हा आकडा दिसला की भारतात काम करणाऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमरच्या पोटात गोळा येतो. आपली वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या, यूटीसीच्या, साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे १९ तारखेचे पहाटेचे ५:१४ वाजतात तेव्हा यूटीसीत अजून १८ तारीख, रात्रीचे ११:४४. जँगो आतमध्ये वेळ यूटीसीतच धरतं, जे शहाणपणाचं आहे. पण त्या वेळेवरून थेट 'तारीख काढ' म्हटलं तर ते यूटीसीची तारीख देतं. स्थानिक तारीख हवी असेल तर तसं वेगळं मागावं लागतं. आमच्या कोडमध्ये ते मागितलेलं नव्हतं. लॉगचा शिक्का मात्र आपल्या वेळेत होता, म्हणून दोन तारखा शेजारी-शेजारी उभ्या राहिल्या.

(वेळेची गंमत इथेच संपत नाही. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली आली तरी मुंबईने आपली वेगळी मुंबई वेळ १९५५ पर्यंत चालवली. ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. आणि पायथनची एक जुनी लायब्ररी चुकीच्या पद्धतीने वापरली तर आजही ती भारताची वेळ ५ तास ५३ मिनिटं पुढे दाखवते. ती जुनी कलकत्त्याची वेळ. मेलेली घड्याळं कोडमध्ये चालूच असतात.)

आता १३ आणि १४ तारखेचं काय झालं ते पाहा. १३ ला मावशी ५:४२ ला आल्या, ७.२ लिटर. साडेपाच उलटून गेले होते, नोंद १३ खाली नीट बसली. १४ ला त्या ५:२१ ला आल्या, ६.८ लिटर. प्रोग्रॅमने तारीख काढली १३. तिथे सकाळची नोंद आधीच होती. त्याला वाटलं, ही मशीनने पुन्हा पाठवलेली दिसते, त्याने ७.२ पुसून ६.८ लिहिलं आणि 'यशस्वी' म्हणून सांगितलं. १५ ला त्या परत उशिरा आल्या. १४ रिकामीच राहिली. बिल बघताना डोळ्यांना १४ पुढचं शून्य दिसतं, १३ पुढे ७.२ च्या जागी ६.८ आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. रोज पहाटे लवकर येणाऱ्यांचं दूध सुरक्षित होतं, फक्त एक दिवस मागे सरकलेलं. रोज उशिरा येणाऱ्यांना काहीच झालं नाही. काल उशिरा आणि आज लवकर, एवढंच ज्याच्याकडून घडलं त्याचं दूध गेलं. ज्या घरात पहाटेची कामं एकट्या बाईवर आहेत तिथे वेळ अशीच पुढे-मागे होते.

आणि हे आजवर दिसलं नाही, कारण बहुतेक केंद्रं सहानंतर उघडतात. या संस्थेत उन्हाळ्यात टँकरची वेळ अलीकडे आली आणि केंद्र पाचला उघडायला लागलं. आम्ही चाचण्या करतो त्या दहा ते सातमध्ये. दुपारी तीन वाजता हा बग अस्तित्वातच नसतो.

दुरुस्ती एका ओळीची होती. त्यावर घड्याळ पहाटे ५:१० ला थांबवून ठेवणारी एक चाचणी लिहिली. ती तासाभरात झाली. डेटा दुरुस्त करायला मात्र नऊ दिवस लागले. पुसलेलं ७.२ डेटाबेसमध्ये कुठेच नव्हतं आणि आमचे जुने लॉग तर फक्त 'यशस्वी' म्हणत होते. ज्या दिवसापासून डीबग सुरू झाला त्याच्या आधीचं काहीही लॉग सांगू शकत नव्हता. शेवटी उपयोगी पडल्या त्या पावत्या. लोकांनी त्या डब्यांत, देव्हाऱ्यामागे, गाईगुरांच्या औषधांच्या पिशवीत जपून ठेवल्या होत्या. केंद्रावरचा मुलगा घरोघरी जाऊन त्यांचे फोटो काढून पाठवायचा आणि आमच्याकडे आम्ही दोघं-तिघं ते आकडे भरायचो. ज्यांच्याकडे पावती नव्हती त्यांच्यासाठी संस्थेने टँकरबरोबर गेलेल्या एकूण दुधाचा आकडा आणि सभासदांच्या नोंदींची बेरीज समोरासमोर ठेवली. फरक निघत होता. तो मंडळाने मान्य केला आणि पुढच्या बिलात पैसे दिले.

सोमवारच्या बैठकीसाठी मी सचिवांना त्या तीन ओळी मराठीत नीट लिहून पाठवल्या होत्या, दोन्ही तारखा ठळक करून. त्यांनी त्याची प्रिंट काढून बैठकीत फिरवली म्हणे. एका संचालकांनी विचारलं की लंडनची वेळ आमच्या दुधात कशाला? या प्रश्नाला माझ्याकडे आजही चांगलं उत्तर नाही. मुलगा कामावर राहिला. मावशींशी माझं कधीच बोलणं झालं नाही. त्यांचे १४ तारखेचे पैसे जमा झाल्याची नोंद तेवढी मी पाहिली.

त्या संस्थेची डीबग पातळी आम्ही नंतर बंद केली. एक ओळ मात्र वर चढवून वॉर्निंग केली: माप वेगळं असूनही जुनी नोंद पुसली जात असेल तर ओरडायचं. दोन महिने ती गप्प होती. मागच्या आठवड्यात वाजली, नुकत्याच आमच्याकडे आलेल्या दुसऱ्या एका संस्थेतून, सकाळी ७:०५ ला. साडेपाचचा काही संबंध नव्हता. फोन केल्यावर कळलं की त्या घरातून सासरे एक किटली आधी घालून जातात आणि धार उरकली की सून दुसरी किटली घेऊन येते. दोघांचा सभासद क्रमांक एकच. सुनेच्या किटलीने सासऱ्यांची किटली पुसली होती. म्हणजे नोंद ओळखायची आमची पद्धतच बदलावी लागणार. प्रत्येक पावतीला मशीनकडूनच वेगळा क्रमांक घ्यावा लागेल. या आठवड्यात तेच काम आहे. तोवर त्या केंद्रापुरता डीबग चालू ठेवला आहे.